तुमच्या धंद्यातूनच इलेक्ट्रॉनिक्स शिका

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला असेल तर लगेच किट मागवू नका. आधी एका कागदावर दोन ओळी लिहा. रोजच्या कामामुळं तुमच्या हाताला कशाची सवय झाली आहे, ही पहिली ओळ. घरात किंवा शेतात कुठली एक अडचण तुम्हाला सारखी सतावते, ही दुसरी. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात मी या दोन ओळींपासून करते.

मी बेळगावातल्या शहापूरची. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आता निवृत्त आहे. रविवारी दुपारी आमच्या सोप्यात लांब टेबल टाकते, ज्याला यायचं तो येतो. वडगावचा पॉवरलूमवाला, येळ्ळूरचे भातशेती करणारे काका, टिळकवाडीत शिवणकाम करणाऱ्या ताई, उद्यमबागेत लेथवर असलेला पोरगा, सराफी पेढीवरचा कारागीर, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, बैलहोंगलकडचा कन्नड बोलणारा शेतकरी. नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, आमाला जमतंय काय हे?"

जमतंय. ज्याच्या नियमावर हे सगळं शास्त्र उभं आहे तो गेओर्ग ओहम कुलपं करणाऱ्याचा मुलगा होता, शाळेत शिकवायचा. त्याचा नियम छापला गेला १८२७ साली. मायकेल फॅरडे पुस्तकबांधणी करणाऱ्याकडं उमेदवार होता आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता विजेकडं वळला. फिरत्या चुंबकातून वीज निघते हे त्यानं १८३१ साली दाखवलं. तारयंत्राचा मोर्स तर चित्रकार. ही माणसं आपला मूळ धंदा विसरून इकडं आली नाहीत, हाताची सवय बरोबर घेऊन आली. तुम्हीही तसंच करा.

तुमच्या हाताला आधीच काय येतं

विणकराला तुटलेला धागा शोधता येतो. कापडावर चूक दिसली की तो फणी, वही, बीम अशा मागाच्या एकेका भागावरून मागं मागं जातो आणि धागा नेमका कुठं सुटला ते काढतो. बंद पडलेल्या सर्किटमध्ये हेच करायचं असतं: आवाज येत नाही म्हणजे बझरपासून मागं या, प्रत्येक टप्प्यावर मीटर लावा, वीज कुठपर्यंत पोचली ते बघा. आमच्या पॉवरलूमवाल्याला हे शिकवावं लागलं नाही. आणि ज्यानं जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, काम केलंय त्याला तर संगणकाचं मूळ माहीतच असतं. पुठ्ठ्याला भोक असेल तर सुई आत जाते आणि धागा उचलला जातो, नसेल तर धागा खालीच राहतो. हो किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर अख्खी नक्षी उतरते. जकार्डचं यंत्र १८०४ च्या सुमाराचं. भोकं पाडलेली कार्डंच १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत मोजणीच्या यंत्रात घातली गेली.

शेतकऱ्याला रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, कळतो, फक्त त्याला ते नाव माहीत नसतं. मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटर चालू राहते आणि लाईट जाऊन परत आली तरी आपोआप सुरू होत नाही. का? हा प्रश्न मी येळ्ळूरच्या काकांना विचारला. त्यांनी बॉक्स उघडल्यावर आत काय काय दिसतं ते बोटांनी हवेत काढून दाखवलं: कॉइल ओढते, पट्टी बसते, ती पट्टीच कॉइलला वीज देत राहते. याहून चांगलं उत्तर वर्गात क्वचित मिळतं.

सराफाच्या कारागिराला उष्णता कळते. डाग देताना आधी दागिना तापवायचा, मग डाग आपणहून फटीत धावतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. सोल्डरिंगमध्ये, म्हणजे वितळलेल्या कथलानं जोड देताना, नवशिके नेमके इथंच अडतात. शिवणकाम करणाऱ्या ताईंचा हात बारीक कामाला सरावलेला आणि रंगाची नजर तयार. रेझिस्टरवरचे (विजेला अडवणाऱ्या छोट्या भागावरचे) रंगीत पट्टे त्या भिंगाशिवाय वाचतात.

म्हणून आमच्या टेबलावर पहिल्या दिवशी कोणी फळ्यापुढं बसत नाही. ज्याला जे येतं ते तो बाकीच्यांना दाखवतो.

सामान

थोडंच घ्या. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, ज्यात तार जोडलेली असली की 'टीं' वाजतं असा. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एक ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून जोडायचा भोकांचा पाट. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी. ४७० ओहम, १ किलो, १० किलो, ६८ किलो आणि १०० किलो ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर, प्रत्येकी दहा. तांबडे एलईडी दहा-बारा. बीसी५४७ ट्रान्झिस्टर पाच. ५५५ची आयसी, म्हणजे एका काळ्या तुकड्यात बसवलेलं तयार सर्किट, दोन. १ आणि १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग), शिवाय १०३ छाप असलेले छोटे चपटे कपॅसिटर दोन-चार. सर्किट आतच असलेला, नुसती बॅटरी जोडली की वाजणारा बझर.

ब्रेडबोर्डसाठी वेगळ्या तारा विकत घेऊ नका. केबलवाल्याकडं लॅन केबलचे उरलेले तुकडे असतात. ती केबल सोलली की आत आठ रंगांच्या, एकेरी तांब्याच्या तारा मिळतात आणि त्या ब्रेडबोर्डच्या भोकात घट्ट बसतात.

मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या बेळगावातल्या दुकानांत यातलं बहुतेक मिळतं. एखादा भाग नाही मिळाला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एस. पी. रोड, दोन्ही आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोणी नात्यातलं तिकडं निघालं की यादी द्यायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

भंगारही सोडू नका. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बहुधा चांगला असतो. जुन्या प्रिंटरमधून मोटरी, पोलादी दांडे आणि चकत्या निघतात. लेथवाल्या पोरानं आमच्या टेबलाचा छोटा शिकंजा असल्याच दांड्यांतून केलाय.

विजेच्या बाबतीत माझा एकच हट्ट

पहिलं वर्षभर फक्त बॅटरी, किंवा न उघडलेला, सीलबंद अडॅप्टर. भिंतीतल्या २३० व्होल्टला हात नाही. तुम्ही घरातलं वायरिंग करत असाल, मोटरचा स्टार्टर बांधत असाल, तरीही नाही. कारण साधं आहे. २३० हा सरासरी काढलेला आकडा, त्या विजेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. टीव्ही, चार्जर किंवा एलईडी बल्बच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढा दाब साठून राहतो, प्लग काढल्यावरसुद्धा. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेच्या नळीजवळ तर हजारोंनी व्होल्ट असतात. इन्व्हर्टर आणि मायक्रोवेव्ह उघडायचेच नाहीत.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळाली की लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या. छंद असो वा नसो, पावसाळ्यात ओल्या भिंती असलेल्या आपल्या भागात तो हवाच.

मीटरबद्दल एक. तांबडी पिन दहा अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे नुसती सरळ तार होते आणि शॉर्ट होतो. मोजून झालं की पिन परत जागेवर. आणि ओहम मोजायचे असतील तेव्हा सर्किटची बॅटरी काढून ठेवायची.

पहिला दिवा

एलईडीला बॅटरी थेट जोडली तर तो जळतो. त्याच्या वाटेत रेझिस्टर हवा. किती? तांबडा एलईडी स्वतःसाठी साधारण २ व्होल्ट घेतो. नवातून दोन गेले, उरले ७. एलईडीतून १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर जावेत अशी इच्छा. ७ ला ०.०१५ नं भागा, ४६६ येतात. बाजारात मिळणारा जवळचा रेझिस्टर ४७० ओहमचा: पिवळा, जांभळा, तपकिरी. झाला ओहमचा नियम: व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम. हा भागाकार स्वतःच्या हातानं कागदावर करा, मोबाइलवर नको. पुढच्या प्रत्येक सर्किटमध्ये तो परत परत येणार आहे.

रंगांचा क्रम असा: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पुढची शून्यं. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी, तांबडा आणि नारिंगी सारखेच दिसतात, तेव्हा मीटरनं मोजूनच लावा.

एलईडीचा लांब पाय धनाकडं. ब्रेडबोर्डवर मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांची ओळ आतून जोडलेली असते आणि कडेच्या लांब पट्ट्या वीज फिरवायला असतात. काही बोर्डांत या लांब पट्ट्या मध्यावर तुटक असतात. मीटरचं 'टीं' लावून एकदा सगळा बोर्ड तपासून घ्या.

टाकी भरल्याचा भोंगा

आता घरातली अडचण. ज्या गल्लीत नळाला ठरावीक दिवसांनीच पाणी येतं तिथं टाकी भरून वाहणं जिवाला लागतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांच्या दुसऱ्या ओळीत हेच लिहिलेलं असतं. म्हणून आम्ही पहिली खरी वस्तू हीच करतो आणि तिच्यावर घाई न करता बसतो, कारण तिच्यात ट्रान्झिस्टर समजून जातो.

बीसी५४७ची चपटी बाजू आपल्याकडं, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बझरची तांबडी तार बॅटरीच्या धनाला, काळी तार कलेक्टरला. एमिटर ऋणाला. बेसला १० किलोचा रेझिस्टर, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक लांब तार. बॅटरीच्या धनापासून दुसरी लांब तार. या दोन तारांची टोकं टाकीत, जिथं पाणी चढलं की थांबवायचं त्या उंचीवर, एकमेकांपासून बोटभर अंतरावर.

पाणी टोकांना लागलं की पाण्यातून अगदी थोडी वीज बेसला पोचते. नळाच्या पाण्याचा विरोध ५० किलो ओहम धरा, आपला १० किलो मिळून ६०. बेसला जेमतेम ०.१४ मिलिअँपिअर मिळतात. ट्रान्झिस्टर त्याच्या शंभर-दोनशेपट वीज बझरमधून जाऊ देतो आणि बझर ठणाणा वाजतो. पाणी नसताना ट्रान्झिस्टर बंद, बॅटरी जवळपास काहीच खर्च होत नाही. एक बॅटरी महिनोन्‌महिने पुरते.

इथपर्यंतचं सर्किट कुठंही सापडेल. आपल्या हवेसाठी त्यात दोन गोष्टी घालाव्या लागतात. खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात लाकूड, भिंत, तारेवरचं प्लास्टिक, सगळ्यावर ओलीचा थर बसतो आणि त्या ओलीतूनही बेसला वीज झिरपते. मग टाकी रिकामी असताना मध्यरात्री भोंगा वाजतो. यावर उपाय म्हणजे बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलोचा रेझिस्टर. ओलीतून आलेली किरकोळ वीज त्यातून निघून जाते, खरं पाणी लागलं तरच ट्रान्झिस्टर जागा होतो.

दुसरी गोष्ट तारांच्या टोकांची. उघडी तांब्याची तार पाण्यात ठेवली की धनाकडची तार झिजते आणि हिरवी पडते. त्या जागी स्टीलचे दोन स्क्रू किंवा स्टीलच्या जुन्या चमच्याचे दांडे वापरा. टोकं फक्त टाकी भरल्यावरच भिजतील अशी वर लावा, सतत पाण्यात बुडवून ठेवू नका. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

बैलहोंगलच्या शेतकऱ्यानं हे सर्किट पूर्ण करून टोकं बादलीत धरली, भोंगा वाजला, आणि तो "नीरु तुंबितु!" (पाणी भरलं!) म्हणून ओरडला तेव्हा सगळं टेबल हसलं. आमच्यातल्या ज्यांना कन्नड येत नाही त्यांनाही कळलं काय झालं ते.

हेच सर्किट वळवाच्या पावसालाही चालतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घातलेले असतात आणि दुपारी चार वाजता आभाळ कोसळतं. टाकीच्या स्क्रूंच्या जागी दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवल्यासारख्या तारा एका प्लास्टिकच्या पट्टीवर ताणा, पट्टी तिरकी ठेवा म्हणजे थेंब साचून राहणार नाही. पहिल्या दोन-चार थेंबांतच भोंगा होतो. ताईंनी आपल्या गल्लीत असे बरेच करून दिलेत.

सोल्डर करायला कधी घ्यायचं

ब्रेडबोर्डवर वस्तू आठवडाभर नीट चालली की मग. सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५ वॅटची पुरे, तीन पिनांची मिळाली तर उत्तम. सोल्डर ६०-४० चं, म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं, आत रोझिन भरलेलं. ते १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आत पूर्ण वितळतं.

सराफाचा कारागीर शिकवतो तसं करा. टोक ओल्या स्पंजवर पुसा. भागाचा पाय आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन्हीला एकाच वेळी टोक टेकवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार इस्त्रीला न लावता तापलेल्या जोडाला लावा. ती धावत जाऊन छोटा चकचकीत डोंगर झाला पाहिजे. मळकट गोळा झाला तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल आणि पहिल्याच धक्क्याला तुटेल. परत तापवा.

धूर येतो तो बहुतेक रोझिनचा, तो नाकात जाऊ देऊ नका, खिडकीजवळ बसा. शिशाचा धोका हाताला चिकटून पोटात जाण्याचा. जेवणाआधी, चहाआधी आणि तंबाखू मळायच्या आधी साबणानं हात धुवायचे. माझ्या सोप्यात हे मी निपाणीकडच्या एका पाहुण्यांनाही ठणकावून सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. लहान मुलं आणि गरोदर बायका असतील त्या दिवशी टेबलावर शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं, थोडं हट्टी आहे, पण चालतं.

झालेल्या बोर्डावर नेलपॉलिशचा एक हात द्या. पावसाळ्यात जोडांवर हिरवट बुरशी चढते ती थांबते.

गणपतीचं चक्र

बेळगावात निम्मी पोरं इलेक्ट्रॉनिक्सकडं वळतात ती गणपतीच्या देखाव्यामुळं आणि शिवजयंतीच्या चित्ररथांमुळं. मूर्तीमागं फिरणाऱ्या दिव्यांचं चक्र हवं असतं. त्यासाठी ५५५. स्विस वंशाच्या हान्स कॅमेन्झिंडनं ही आयसी १९७१ मध्ये आखली, १९७२ मध्ये बाजारात आली, आणि आजही तशीच्या तशी विकली जाते.

खाच वरच्या बाजूला धरली की डावीकडून खाली १ ते ४ आणि उजवीकडं खालून वर ५ ते ८ असे पाय. १ ऋणाला. ४ आणि ८ धनाला. २ आणि ६ एकमेकांना जोडा. ८ आणि ७ यांच्यामध्ये १० किलो. ७ आणि ६ यांच्यामध्ये ६८ किलो. ६ पासून ऋणाकडं १० मायक्रोफॅरड, कपॅसिटरवरची पट्टी ऋणाच्या बाजूला. ५ पासून ऋणाकडं १०३ चा छोटा कपॅसिटर. ३ नंबरला ४७० ओहम आणि एलईडी, एलईडीचं दुसरं टोक ऋणाला. साधारण सेकंदाला एकदा उघडझाप होते. हिशेब हवा असेल तर पहिल्या रेझिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवा, कपॅसिटरनं गुणा आणि १.४४ ला त्यानं भागा. १० मायक्रोफॅरडच्या जागी १ लावला की वेग दहापट.

चक्रासाठी ४०१७ ही दुसरी आयसी घ्या, ती ५५५च्या प्रत्येक ठोक्याला पुढचा दिवा पेटवते. ५५५चा ३ नंबर तिच्या १४ नंबरला. १६ धनाला, ८, १३ आणि १५ ऋणाला. मग दहा एलईडी या क्रमानं: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. क्रम वेडावाकडा आहे, पण तोच बरोबर आहे. दहाही एलईडींची ऋण टोकं एकत्र करून एकच ४७० ओहमचा रेझिस्टर पुरतो, कारण एका वेळी एकच दिवा पेटतो. इथंच थांबा. मंडळाची २३० व्होल्टची माळ या आयसीवर चढवायला कोणी सांगितलं तरी चढवू नका, ते काम परवानाधारक वायरमनचं.

टेबल कसं चालवायचं

एकट्यानं शिकता येतं, पण चार धंद्यांची माणसं एकत्र आली की लवकर येतं. वेळ दुपारी तीनची ठेवा. सकाळी ठेवली तर बायका स्वयंपाकात अडकतात आणि रात्रीच्या लाईटवर पाणी पाजून आलेला शेतकरी झोपलेला असतो. ज्याचं सर्किट त्याचेच हात. बाकीच्यांनी बोलायचं, हात घालायचा नाही. हा नियम इंजिनिअरिंगच्या पोरांना सर्वांत जड जातो आणि त्यांच्याच जास्त उपयोगी पडतो.

भाषेवरून अडून बसू नका. आमच्याकडं मराठी, कन्नड, कोकणी, दखनी सगळं चालतं, मराठी शाळेतलं पोर आणि कन्नड शाळेतलं पोर एकाच कागदावर चिन्हं काढतात. रेझिस्टरची नागमोडी रेघ आणि ट्रान्झिस्टरचा बाण दोघांना सारखाच वाचता येतो. आयसीच्या माहितीपत्रकातल्या इंग्रजीची भीती वाटत असेल तर फक्त पायांचं चित्र आणि 'यापेक्षा जास्त देऊ नका' हे कोष्टक वाचायला शिका. बीसी५४७ साठी त्यातला कामाचा आकडा १०० मिलिअँपिअर. सुरुवातीला एवढं बास.

प्रोग्रॅमचा बोर्ड कधी

आर्डुइनो, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालणारा छोटा बोर्ड, २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी सुरू झाला, तोही कला आणि डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. उनो या बोर्डावर १४ डिजिटल आणि ६ अॅनालॉग पाय आहेत. त्याच्याशिवाय दोन-तीन वस्तू झाल्यावरच तो घ्या. भोंग्याला प्रोग्रॅम लागत नाही. मोजायचं असेल, लक्षात ठेवायचं असेल, तेव्हा लागतो.

आमच्या पॉवरलूमवाल्याला मोजायचंच होतं. मागाचा वरचा शाफ्ट एकदा फिरला की एक आडवा धागा पडतो. शाफ्टवर छोटं चुंबक चिकटवा, शेजारी रीड स्विच. चुंबक समोरून गेलं की स्विचच्या पात्या मिटतात, बोर्ड एक मोजतो. इंचाला ६० धागे असतील तर साडेपाच मीटरच्या साडीला सुमारे १३,००० धागे पडतात.

यात तीन ठिकाणी सांभाळावं लागतं. स्विचच्या पात्या मिटताना थरथरतात आणि एका फेरीचे दोन-तीन मोजले जातात, म्हणून एक मोजल्यावर पुढचे २० मिलिसेकंद बोर्डानं स्विचकडं बघायचंच नाही असं प्रोग्रॅममध्ये लिहा. दुसरं, उनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढं जात नाही, तिसऱ्या साडीच्या मध्यावर आकडा उणे होतो. मोजणीचा आकडा 'लाँग' प्रकारचा ठेवा. तिसरं, लाईट गेली की मोजलेलं पुसलं जातं. बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत लिहून ठेवता येतं, पण तिथली एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिण्याइतकीच टिकते. प्रत्येक धाग्याला लिहिलं तर काही दिवसांतच ती खराब होईल. दर ५०० धाग्यांना एकदा लिहा, लाईट गेली तर जास्तीत जास्त नऊ इंचांपेक्षा कमी फरक पडतो.

मागाच्या हादऱ्यांपुढं ब्रेडबोर्ड टिकत नाही, सगळं सोल्डर करून झाकणाच्या डब्यात बसवा, कापसाचा धुरळा आत जाता कामा नये. पहिली साडी उतरली की टेपनं मोजा आणि बोर्डाच्या आकड्याशी ताडा. फरक आला तर इंचाला किती धागे पडतात ते भिंगाखाली पुन्हा मोजा आणि तो आकडा प्रोग्रॅममध्ये बदला.